स्कॅनर रेडिओ : नको ते प्रक्षेपण गाळणे

एकामागून एक वारंवारता तपासत जाऊन, जिथे लहर सापडेल तिथे थांबणारा रेडिओ-ग्राही म्हणजे स्कॅनर. अखंड चालू असलेली लहर मिळाली की तो तिथेच अडून बसतो. त्याला पुढे ढकलण्याचा उपाय लहरीच्या उगमावर ठरतो.

सोपा उपाय लॉकआउट: बटण दाबले की पुढच्या फेरीपासून ते चॅनेल वगळले जाते. सोपा म्हणूनच तो नको तिथेही वापरला जातो आणि स्कॅनर हळूहळू बहिरा होतो. लॉकआउट खरा शोभतो तो ‘बर्डी’ला, म्हणजे यंत्राने स्वतःच निर्माण केलेल्या लहरीला. अँटेना काढूनही ती टिकली, तर ती बर्डी समजावी. एकाच वारंवारतेवर दोन गट बोलत असतील, तर सीटीसीएसएस कामी येतो. बोलण्याखाली 67 ते 254.1 हर्ट्झमधला एक सूर सतत सोडलेला असतो. नेमलेला सूर जुळला तरच स्पीकर उघडतो.

मुंबईत 88 ते 108 मेगाहर्ट्झमधली जोरकस एफएम केंद्रे ग्राहीला दडपतात. तिथे एफएम गाळणी किंवा सगळेच संकेत क्षीण करणारा अटेन्युएटर लावतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात अटेन्युएटर उलट नुकसान करील, कारण मुळात हवे ते संकेतच क्षीण. गावात खरखर बहुधा घरातूनच येते: एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर. परीक्षा लोडशेडिंग फुकटात करून देते. स्कॅनर बॅटरीवर ठेवावा. वीज जाताच खरखर थांबली, तर दोष विजेवर चालणाऱ्या कशाचा तरी, बहुधा घरातल्याच. मग एकेक प्लग काढून पाहावा. स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक पातळीखालचे संकेत गप्प करणारे बटण, चढवून खरखर दाबू नये, हवा तो क्षीण आवाजही तिच्याबरोबर जातो.

145.800 मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचे, प्रक्षेपण येते. स्थानक कोरीटवरून जाताना ते फार तर दहाएक मिनिटे मिळते. जवळ येताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर, दूर जाताना तितकीच खाली सरकते. 10.7 मेगाहर्ट्झच्या मध्यवारंवारतेवर चालणाऱ्या काही जुन्या स्कॅनरवर याच चॅनेलला 124.4 मेगाहर्ट्झचे विमानांचे बोलणे प्रतिमा, म्हणजे दुसऱ्या वारंवारतेची खोटी छाया, म्हणून पुसट उमटू शकते. लॉकआउट केले तर विमानाबरोबर अंतराळ स्थानकही जाते. इथे 144 ते 146 मेगाहर्ट्झ एवढेच आत सोडणारी गाळणी अँटेनापाशी लावावी.