नैराश्यावरील औषधांचा प्रारंभकाळ (बुलढाणा जिल्हा)

नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यापासून तिचा गुण दिसेपर्यंतचा काळ. एसिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आज बहुधा आधी दिली जाणारी औषधे. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, उडालेली झोप, जिवाची तगमग हे त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात आणि बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत ओसरतात. कामेच्छा मंदावणे मात्र टिकू शकते, आणि ते रुग्ण आपणहून क्वचितच बोलतो. मनाला उभारी येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा ते आठ. त्रास आधी आणि गुण मागाहून, या उलट्या क्रमामुळेच अनेकांची गोळी पहिल्या महिन्यात सुटते. म्हणून हा क्रम पहिल्याच भेटीत सांगणे चिठ्ठीइतकेच मोलाचे आहे.

बुलढाण्यात त्याची निकड अधिक. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या सहा जिल्ह्यांत हा जिल्हा होता. शेतकऱ्यांना मानसिक आधार देण्यासाठीच्या 2015 च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातील 14 जिल्ह्यांतही तो आहे. जिल्हा रुग्णालय घाटावर, तर संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके घाटाखाली, म्हणजे येणे-जाणे लांबचे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत फेरतपासणीसाठी मजुरी बुडवून कोण येणार? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमात 30 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी काम केले, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. यातून गोळीचा गुण सिद्ध होत नाही; गावातच विचारपूस करणारे कोणी असेल तर लोक मदत घेतात, एवढे नक्की दिसते.

गोळीने कर्ज फिटते का, हा आक्षेप रास्त आहे. फिटत नाही, पण झोप, भूक आणि निर्णयशक्ती परतल्याशिवाय बँकेच्या दारात उभे राहणेही जड जाते. मेंदूतील सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते, हा सिद्धांत 2022 च्या एका संशोधन-आढाव्यानंतर डळमळला, हेही खरे. तरी 2018 च्या विश्लेषणात 522 चाचण्यांतील 21 औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक माफक होता. ‘सवय लागते’ ही भीती अर्धी खरी: दारूसारखी ओढ लागत नाही, पण एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, बेचैनी येऊ शकते. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालते आणि म्हणूनच मग एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवली जाते. पिंपळगाव सराईच्या सैलानी दर्ग्यावर जाणाऱ्यांनी श्रद्धा सोडावी, अशी अट औषध घालत नाही. दोन्ही सोबत चालतात.

पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसे झाल्यास, किंवा रुग्ण अचानक अतिउत्साही होऊन झोपेनासा झाल्यास, पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. 14416 हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. गोळीच्या या सुरुवातीच्या दिवसांत घरातले कीटकनाशक कुलपात असावे आणि गोळ्यांची पट्टी घरच्याच कोणाच्या ताब्यात. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे असतील तर हे अधिकच, कारण त्यांचा अतिडोस हृदयाची लय बिघडवतो.