हेलेनाचं नाव टिकलं

आपल्याकडे जास्वंदीवर मध प्यायला येतो तो शिंजीर. पुष्कळ जण त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात. पण खरे हमिंगबर्ड अमेरिका खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवरच असतात. आज आम्ही त्यातल्या सगळ्यात लहान पाखराच्या नावाची गोष्ट सांगणार आहोत.

हे पाखरू क्यूबा बेटावरचं. नर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आत. मादी जराशी मोठी. कोळ्याचं जाळं आणून घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं ती एकटी करते. तिथले लोक या पाखराला 'सुनसुनसीतो' म्हणतात, पंखांच्या आवाजावरून.

जर्मनीहून क्यूबाला येऊन राहिलेले अभ्यासक योहान्स गुंडलाख यांना १८४४ साली हे पाखरू मिळालं. १८५० साली हुआन लेम्बेये यांनी आपल्या पुस्तकात त्याला शास्त्रीय नाव दिलं, 'हेलेने'. म्हणजे 'हेलेनाचा'. ही हेलेना बूथ गुंडलाख यांच्या ओळखीच्या चार्ल्स बूथ यांची बायको.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला कुळाचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. लेम्बेये यांनी हे पाखरू 'ऑर्थोरिंकस' कुळात घातलं. पुढे अभ्यासकांनी ते 'कॅलिप्टे'त नेलं. आता ते 'मेलिसुगा' कुळात आहे, म्हणजे मध चोखणाऱ्यांत. जमैकाचा इवलासा हमिंगबर्डही याच कुळातला.

कुळं बदलली, पण 'हेलेने' तसंच राहिलं. कारण शास्त्राचा नियमच आहे: जात दुसऱ्या कुळात गेली तरी आधी दिलेलं तिचं स्वतःचं नाव पुसायचं नाही. नाहीतर जुन्या नोंदी कुणाच्या, हे कळणार कसं?

आपल्याकडे मात्र लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहितात. आडनाव तर जातंच, कधी आईबापांनी ठेवलेलं नावही जातं. मग गटाच्या वहीत एक नाव, आधारवर दुसरं, माहेरच्या सातबाऱ्यावर तिसरं. कर्जाची किंवा वारसाची वेळ आली की आपणच आपली ओळख पटवत फिरतो.

नाव कोणतं ठेवायचं ते जिचं तिने ठरवावं. पण या आठवड्यात पासबुक, आधार आणि सातबारा एकदा शेजारी ठेवून बघा. नावं जुळत नसतील, तर गटाच्या पुढच्या बैठकीत कागद घेऊन या. आपण मिळून अर्ज लिहू.