'शिराझ' द्राक्षवाणाचे मूळ : नाव, दंतकथा आणि पुरावा

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील द्राक्षमळ्यांत तांबड्या वाइनसाठी 'शिराझ' हा वाण लावला जातो. नावावरून त्याचा जन्म इराणातील शिराझ नगरी झाला असावा, असा समज सहज होतो. परंतु केवळ नाव हा ऐतिहासिक पुरावा ठरतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाणाचे स्वरूप :
फ्रान्समध्ये हा वाण 'सिरा' या नावाने ओळखला जातो. त्याचे मणी लहान, साल गडद असते. त्यामुळे वाइनला दाट रंग व तुरटपणा येतो. तिचा मिरीसारखा गंध 'रोटंडोन' या द्रव्यामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवरील वाइन इतकी जोरकस असे की, १८ व्या-१९ व्या शतकांत व्यापारी ती बोर्दोच्या फिक्या वाइनमध्ये मिसळीत.

दंतकथांची छाननी :
गास्पार द स्तेरिंबेर्ग हा योद्धा इ.स. १२२४ च्या सुमारास धर्मयुद्धाहून परतला, एर्मिताज टेकडीवर संन्यस्त राहिला व त्याने इराणातून आणलेला वेल तेथे लावला, अशी आख्यायिका आहे. मात्र त्याच आख्यायिकेच्या प्रचलित रूपानुसार तो ज्या आल्बिजेन्सियन युद्धाहून परतला, ते दक्षिण फ्रान्समध्येच झाले होते. म्हणजे कथा स्वतःच स्वतःला छेद देते.

शिराझच्या मद्याची ख्याती मात्र खरी होती. ते इराणातून बंदर अब्बासमार्गे सुरतेस व तेथून दिल्लीस येत असे, अशी नोंद १७ व्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निए याने केली आहे. परंतु ही ख्याती एका नगरीच्या मद्याची होय. त्यावरून फ्रान्समधील वेलाचे कूळ सिद्ध होत नाही.

जनुकीय पुरावा :
द्राक्षवेलाची वाढ काडी लावून होते. त्यामुळे वाण पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. नवा वाण बीजातून, दोन वेलींच्या संकरातून जन्मतो. म्हणून त्याचे मातापिता शोधता येतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कॅरोल मेरेडिथ यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांच्या साहाय्याने हे काम केले. १९९८ मध्ये निष्पन्न झाले की, सिराचे पालक 'द्युरेझा' व 'मोंदोझ ब्लांश' हे होत. पहिला आर्देश भागातील काळा, तर दुसरा साव्हॉय भागातील पांढरा वाण. दोन्ही आग्नेय फ्रान्समधील स्थानिक वाण असल्याने सिराचा जन्मही त्याच परिसरात झाला, असे मानणे सयुक्तिक ठरते. हा पुरावा पालक व प्रदेश सांगतो, जन्माचा काळ सांगत नाही, ही मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी.

नावाचा प्रवास :
जेम्स बस्बी यांनी १८३१ मध्ये स्पेन व फ्रान्समधून गोळा केलेल्या काड्या १८३२ मध्ये सिडनीस पोहोचल्या. त्यांत हा वाणही होता. ऑस्ट्रेलियात 'सिरा'चे उच्चार व लेखन बदलत गेले आणि 'शिराझ' हे रूप रूढ झाले.

निष्कर्ष :
वेल फ्रान्सचा, रूढ नाव ऑस्ट्रेलियाचे आणि नावाची कीर्ती इराणची, असे हे त्रांगडे आहे. दंतकथा लोकमानस समजून घेण्यासाठी मोलाच्या असतात. त्यांना पुराव्याचे स्थान देता येत नाही. ग्रामनामे व कुलनामे यांवरून वंश आणि मूळस्थान ठरविण्याची सवय आपल्या स्थानिक इतिहासलेखनातही आढळते. तिचा पुनर्विचार करण्यास हे उदाहरण निश्चितच उपयुक्त ठरेल.