टेहाचपीचें वळण आणि तेलाची गाडी

कॅलिफोर्नियांत बेकर्सफील्डहून दक्षिणेस निघालेला लोहमार्ग टेहाचपीच्या डोंगरांत एके ठिकाणीं वेढा घेऊन स्वतःच्याच माथ्यावरून पुढें जातो. १८७६ सालीं पुऱ्या झालेल्या या ३,७७९ फुटांच्या वेढ्यांत गाडी ७७ फूट वर चढते. चढ मात्र शेंकडा सुमारें दोनच राहतो. गाडी चार हजार फुटांहून लांब असली, तर तिचें इंजिन तिच्याच शेपटीवरून जातांना दिसतें!

छायाचित्रकारांस याहून अधिक काय हवें? १९८० नंतरच्या दशकांत सदर्न पॅसिफिक कंपनीची तेलाची गाडी हा त्यांचा विशेष लोभाचा विषय झाला. एका टोकाकडून तेल भरतां यावें म्हणून नळ्यांनीं जोडलेल्या त्या एकसारख्या काळ्या टाक्या सुकल्या गवताच्या उतारावर शाईच्या रेघेप्रमाणें उठून दिसत. १९९६ सालीं ती कंपनी युनियन पॅसिफिकमध्यें विलीन झाली. ती गाडीही आतां राहिली नाहीं. हौशी लोकांच्या चित्रांतच ती चढ चढते.

या छंदास आम्ही पोरखेळ म्हणणार नाहीं. कंपन्या हिशेब जपतात. दृश्य जपणारे निराळेच असतात. परंतु या चित्रांत एक उणीव राहतेच. वळणाच्या योजनेचें श्रेय अभियंता विल्यम हुड यास मिळतें. डोंगर फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनीं. त्यांचीं नांवें कोणी सांगत नाहीं. गाडीचें चित्र पाहतांना वाचकांनीं तिच्या चाकांखालची वाटही पाहावी. त्या मजुरांची खूण तेवढीच उरली आहे.