बंदुकीचा पल्ला कोण ठरवतं?

जामसंडे-देवगड भागात बंदूक म्हटली की डोळ्यांसमोर येते ती ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासून घट्ट करायचे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका सिंधुदुर्गात आजही घराघरांत आहेत. कलमांच्या बागेत माकडे उतरली किंवा भातात रानडुकरे घुसली की तिची आठवण होते, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. तिचा पल्ला कमी. पण आपले रानही असे दाट की तीस-चाळीस पावलांपलीकडचे जनावर दिसतच नाही.

आता मात्र तरुण मुले मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहतात. शिकारीची साधी बोल्ट ॲक्शन रायफल घ्यायची, तिची नळी, दस्ता, चाप बदलायचा, वर दुर्बीण बसवायची आणि हजार मीटरवरचे लक्ष्य भेदायचे. मुले विचारतात, 'सर, आपल्याकडे असं का नाही करत?' 'कायदा आहे म्हणून' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आपल्या देशातही बंदुकीत फेरफार झाले, मोठ्या प्रमाणावर झाले. फक्त त्यातले बरेचसे तिचा पल्ला कमी करण्यासाठी झाले. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात येत नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी शब्दाबद्दल थोडे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचे फळ. त्यावरून मातीची किंवा धातूची गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. बंदूकवाल्याला आपल्या जुन्या कागदांत 'बरकंदाज' म्हटले आहे. 'बर्क' म्हणजे वीज आणि 'अंदाज' म्हणजे फेकणारा. ज्या भाषेत हे शब्द तयार झाले, त्या दरबारांत बंदूक घडवणे ही मानाची कारागिरी होती. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. लोखंडाचा पत्रा तिरका पिळून, तापवून नळी कशी बनवायची, हे तो सांगतो. बंदुकीवर कारागिराचे नाव, ठिकाण आणि वर्ष कोरले जाई. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव 'संग्राम' होते आणि तिने हजाराहून अधिक जनावरे टिपल्याची नोंद आहे. म्हणजे वापरणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला जुळेल अशी बंदूक करून घेणे ही काही पाश्चात्त्यांची नवी कल्पना नव्हे.

पण लांबचा नेम हा प्रकार खऱ्या अर्थाने आला तो नळीच्या आतल्या पेचदार खाचांमुळे. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी हवेत भरकटते; शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा नाही. खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी ती गोळी आपली दिशा सांभाळते. अशी खाचा पाडलेली एनफिल्ड रायफल १८५३ साली ब्रिटिश फौजेसाठी मुक्रर झाली. तिच्या मागच्या माशीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. ९०० यार्ड म्हणजे सुमारे ८२० मीटर.

हीच ती रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ साली भडका उडाला. गाईच्या आणि डुकराच्या चरबीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण चरबी लागत का होती? काडतूस खाचांच्या नळीत वरून घट्ट ठासावे लागे. ते सरकावे म्हणून वंगण. लांब पल्ल्याची किंमत शिपायाला आपल्या धर्माने मोजावी लागेल, अशी धास्ती पसरली आणि फौज पेटली. हे लोण आपल्यापर्यंतही आले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई पायदळ पलटणीतल्या शिपायांनी बंड केले. या पलटणीची एक तुकडी रत्नागिरीत होती, आणि देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.

उठाव मोडून काढल्यावर सरकारने काय केले? एनफिल्डच्या धाटणीचीच, बाहेरून तशीच दिसणारी बंदूक हिंदी शिपायांसाठी तयार करवली. आत मात्र नळी गुळगुळीत आणि रुंद ठेवली. ९०० यार्डांच्या खुणांची माशी काढून तिथे साधी, न हलणारी माशी बसवली. शिपायाच्या खांद्यावर बंदूक राहिली, तिचा पल्ला गेला. तोफखानाही जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. पुढे अनेक वर्षे एक अलिखित रीत पडली. गोऱ्या पलटणींना नवे हत्यार, हिंदी पलटणींना त्यांनी टाकलेले.

याचा हिशेब २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानावर दिसतो. तिथे लढणाऱ्या ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणींकडे मात्र आधीच्या पिढीच्या स्नायडर. ब्रिटिशांचा तिथे मोठा पराभव झाला. त्याची कारणे अनेक होती, आणि शत्रूचे संख्याबळ व तोफा ही त्यांतली मोठी. पण एकाच रांगेत, एकाच मरणासमोर उभ्या केलेल्या माणसांना दोन प्रतीची हत्यारे दिली होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मुंबई फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा असे. मराठा, महार, मुसलमान, सगळेच.

शिपायांनंतर पाळी रयतेची. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना सूट मिळाली. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार केली. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. त्या यादीमागे बंदुकीची हौस नव्हती. परवान्यासाठी माणसाचा वंश पाहिला जातो, याची ती चीड होती.

आता बोल्ट ॲक्शनकडे येऊ. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा. वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली पाडला की नवे काडतूस आत जाऊन नळीचे मागचे तोंड घट्ट बंद होते. जर्मनीच्या माउझर कारखान्याची १८९८ ची रचना यात इतकी पक्की ठरली की शिकारीच्या असंख्य रायफली तिच्यावरच बेतल्या गेल्या. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी रायफल माउझरच्याच रचनेची होती.

त्याच १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. कारण, फौजेतल्या जुन्या रायफलींचा बोअर तोच. काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. मग इंग्लंडच्या बंदूक कारखान्यांनी बंदी चुकवण्यासाठी .४६५, .४७० अशा नव्या मापांच्या रायफली काढल्या. फौजेची 'थ्री नॉट थ्री'ही सामान्य माणसाला वर्ज्यच. तिच्याऐवजी जवळपास त्याच बांधणीची, पण ऑस्ट्रियन काडतुसाची .३१५ बोअरची रायफल हिंदुस्थानच्या बाजारात आली. गोळी जड, वेग बेताचा. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी तर थ्री नॉट थ्रीच्या नळ्या आतून गुळगुळीत करून .४१० बोअरच्या एकबारी बंदुका बनवल्या गेल्या. १८५८ चीच युक्ती, पुन्हा एकदा.

स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची शिकारी रायफल बनत राहिली आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीत. म्हणजे ब्रिटिशांच्या भीतीतून बाजारात आलेले माप आपण तसेच पुढे चालवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तरी नावात 'शिकारी' राहिले. अशा रायफलीवर हजार मीटरची स्वप्ने पाहणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ते काडतूसच त्या कामाचे नाही. दोन, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नळी आखूड करणे किंवा बंदुकीचा एक प्रकार दुसऱ्यात बदलणे परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडेच करायची असते. गावातल्या लेथवर असला उद्योग करणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग येतो, किंवा नळी फुटून हात जातो.

मग हे कसब शिकायचेच नाही का? शिकायचे, पण योग्य ठिकाणी. घाट चढून कोल्हापुराकडे पाहा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेऊन आला. या स्पर्धेची रायफल .२२ ची, काडतूस एकेक करून भरायची. तिचा गालाखालचा आधार, खांद्याला टेकणारा भाग, चापाचा ताण, सगळे त्या एका खेळाडूच्या अंगाप्रमाणे मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवलेले असते. दुर्बीण लावायची नाही; बारीक छिद्रातून पाहायचे. लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बंदूक माणसाला जुळवून घेणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर ते इथे पाहावे. आणि हे सारे क्लब, परवाना आणि नोंदवही यांच्या उजेडात चालते.

बंदुका वाढाव्यात, असे मला म्हणायचे नाही. वाढू नयेतच. माझे म्हणणे विश्वासाबद्दल आहे. १८५८ च्या बंदुकीत आणि १८७८ च्या कायद्यात अविश्वास होता, आणि तो माणसाची जात-वंश पाहून होता. १९५९ च्या कायद्यात ती ओळ नाही. आज परवान्याचा अर्ज करणारा शेतकरी किंवा नेमबाज यांची चौकशी कसून व्हावी. पण ती त्याची वर्तणूक आणि गरज पाहून व्हावी. अर्जावरचे आडनाव वाचून कुणाचा अर्ज वर आणि कुणाचा खाली जाऊ नये. गोऱ्या साहेबाला सूट आणि रयतेला कुलूप, हा नियम मोडायला या देशाला अनेक वर्षे लागली. एनसीसीत .२२ रायफल हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना नेम कसा धरायचा हे उस्ताद शिकवतीलच. हा इतिहास त्यांना सांगण्याचे काम आपले.