ग्रॅन टुरिस्मो : गाड्यांचे सेटिंग आणि तुलना

ग्रॅन टुरिस्मो : मोटारशर्यतीची जपानी व्हिडिओ गेम-मालिका. पहिला भाग २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनसाठी आला. अमेरिका आणि युरोपात तो मे १९९८ मध्ये पोहोचला. कर्ता काझुनोरी यामाउची (जन्म १९६७), निर्मिती पॉलीफोनी डिजिटल या संस्थेची. गाडीचे सेटिंग बदलण्याची सोय त्याआधीही होती. जेफ क्रॅमंड यांच्या फॉर्म्युला वन गेममध्ये पंख, गिअर आणि ब्रेकचा तोल बदलता येत असे. पण ती सोय शर्यतीच्या खास गाड्यांपुरती होती. यामाउचींनी रस्त्यावर रोज दिसणारी गाडी घेतली आणि तिचे स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, गिअर रेशो, डिफरन्शियल सगळे खेळाडूच्या हाती दिले. या मालिकेचे खरे मोल शर्यतीपेक्षा या गॅरेजमध्ये अधिक आहे. प्रस्तुत नोंद त्याच अंगाविषयी आहे.

मांडणी : पहिल्या भागात खेळाडूकडे सुरुवातीला १०,००० क्रेडिट असत. एवढ्या पैशांत नवी चांगली गाडी येत नसे. जुन्या बाजारातली एखादी साधी गाडी घ्यायची, लहान शर्यती जिंकायच्या आणि मिळालेल्या पैशांतून सायलेन्सर, संगणक-चिप, टर्बो, हलके बॉडीपार्ट असा एकेक भाग चढवत जायचे. पैसा थोडा असल्यामुळे प्रत्येक खरेदीपूर्वी तुलना करावीच लागे : याच पैशांत इंजिन वाढवावे की टायर घ्यावेत? बहुतेक नवखे इंजिन वाढवत आणि पुढच्याच वळणावर गाडी गवतात घालत. पहिल्या भागाच्या सुमारे १ कोटी ८ लाख प्रती खपल्या. दुसऱ्या भागात (१९९९) गाड्यांची संख्या सुमारे ६५० झाली, चौथ्यात (२००४) ७०० च्या वर गेली आणि पाचव्यात (२०१०) हजाराच्या पुढे. सातवा भाग मार्च २०२२ मध्ये आला.

२८० अश्वशक्तीचा पेच : पहिल्या भागाच्या काळात जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित करार होता : देशात विकायच्या गाडीची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही. हा करार २००४ पर्यंत टिकला. त्यामुळे गेममध्ये निस्सान स्कायलाइन जीटी-आर (आर३३), टोयोटा सुप्रा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ४ अशा एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या गाड्या कागदावर एकाच आकड्यावर येऊन थांबत. लान्सर सुमारे १,३५० किग्रॅ.ची, स्कायलाइन सुमारे १,५३० किग्रॅ.ची. म्हणजे लान्सरच्या प्रत्येक अश्वशक्तीवर ४.८ किग्रॅ.चा भार आणि स्कायलाइनच्या जवळजवळ ५.५ किग्रॅ.चा. वळणावळणाच्या ट्रॅकवर मूळ अवस्थेतली लान्सर वरचढ ठरते. दोन्हींना सगळे भाग चढवले, की स्कायलाइनचे सहा सिलिंडरचे इंजिन कितीतरी जास्त शक्ती देते आणि लांब सरळ रस्त्यावर निकाल उलटतो. ‘कोणती गाडी चांगली?’ या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत : आहे तशी कोणती चांगली, आणि वाढवल्यावर कोणती. या दोहोंची गल्लत झाली, की वाद मिटता मिटत नाहीत.

टायर आणि भार : सेटिंगमधला कोणताही आकडा शेवटी चार टायरांवरचा भार बदलतो, एवढे पक्के धरले की बाकीचे सोपे होते. गेममधले कोरड्या रस्त्याचे टायर कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग अशा तीन गटांत असून प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट हे तीन प्रकार येतात. एका पायरीने मऊ टायर घातला तर वेळेत जो फरक पडतो, तो सस्पेन्शनच्या तासन्‌तासच्या खटपटीनेही सहसा पडत नाही. म्हणून टायर न सांगता दिलेली लॅपची वेळ निरुपयोगी समजावी.

एक कल्पित गाडी घेऊ. वजन १,२०० किग्रॅ., त्यातले ७२० पुढच्या चाकांवर, ४८० मागच्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर. गुरुत्वाकर्षणाइतक्या मंदनाने ब्रेक मारला, तर १,२०० × ०.५ ÷ २.५, म्हणजे २४० किग्रॅ. इतका भार मागून पुढे सरकतो. आता पुढे ९६० आणि मागे २४०. मागच्या टायरांवरचा भार निम्म्यावर आला. ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग वळवले की मागचा भाग का फेकला जातो, ते या दोन आकड्यांत दिसते. स्प्रिंग कडक केल्याने हे २४० किग्रॅ. फारसे कमी होत नाहीत. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर ठरवतात ते एवढेच, की हा भार किती वेळात आणि किती झटक्याने सरकेल. भार खरोखर कमी सरकायला हवा असेल, तर गाडी खाली आणावी किंवा वजन उतरवावे.

वळणावर मात्र खेळाडूच्या हाती जास्त काही असते. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे एकाच बाजूच्या टायरवर सगळा भार पडला, तर त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा अँटी-रोल बार कडक केला, की वळणाच्या बाहेरच्या पुढच्या चाकावर जास्त भार जातो, पुढची पकड कमी होते आणि गाडी तोंड न वळवता बाहेर सरकते. खेळाडू याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा बार कडक केला तर उलट घडते. या एका नियमावर निम्मे सेटिंग उभे आहे. ‘कडक म्हणजे शर्यतीचे’ असे समजून दोन्ही बार शेवटच्या आकड्यापर्यंत नेणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

स्प्रिंग : जुन्या भागांत स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला इतके किलो, असा सांगितला जाई. अलीकडच्या भागांत तो हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, त्या हिशेबाने. तुलनेसाठी ही पद्धत फार चांगली, कारण तीत गाडीचे वजन आधीच धरलेले असते. लहान हॅचबॅक आणि अवजड सलून दोन्हींना २ हर्ट्झ ठेवले, तर त्या सारख्याच ताठ वागतात, स्प्रिंग मात्र वेगवेगळ्या लागतात. एक सावधगिरी हवी. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. चाकावर ३०० किग्रॅ. असताना दीड हर्ट्झसाठी दर मिलिमीटरला सुमारे २७ न्यूटनची स्प्रिंग लागते, २ हर्ट्झसाठी सुमारे ४७ न्यूटनची. पडद्यावरचा आकडा एक तृतीयांशाने वाढला, स्प्रिंग मात्र पावणेदोन पटींहून जास्त कडक झाली. म्हणून इथे बदल दशांशाने करावा.

डिफरन्शियल : लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलला तीन आकडे असतात : सुरुवातीचा टॉर्क, गती देताना होणारी पकड आणि ब्रेक मारताना होणारी पकड. मागची चाके चालणाऱ्या गाडीत दुसरा आकडा फार कमी ठेवला, तर वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरते आणि पिकअप वाया जातो. फार जास्त ठेवला, तर दोन्ही मागची चाके एकदम सुटतात आणि गाडी गरकन फिरते. तिसरा आकडा वाढवला की ब्रेकखाली गाडी सरळ राहते, पण वळणात शिरायला कुरकुरते. मागून उचल खाणाऱ्या गाडीला सावरण्यासाठी अनुभवी खेळाडू आधी हात घालतात तो इथेच.

गिअर : इथला हिशेब उघड आहे. टायरचा परीघ २ मीटर, इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर, सर्वांत वरच्या गिअरचा रेशो १ आणि फायनल गिअर ४ असेल, तर वेग ताशी २१० किमी. फायनल साडेतीन केला तर तो २४० होतो, पण प्रत्येक गिअरमधली ओढ आठव्या हिश्श्याने घटते. ट्रॅकच्या सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी वरच्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम लाल रेषेला टेकावे, इतकाच वेग गाडीला द्यावा. त्याहून जास्त दिला, तर तो सबंध लॅपभर पिकअपमधून कापला जातो. याउलट पाचव्या भागातला स्पेशल स्टेज रूट एक्स हा सुमारे ३० किमीचा ट्रॅक जवळपास सरळच आहे. तिथे कमाल वेगाखेरीज दुसरे काही मोजले जात नाही. त्या ट्रॅकवर तयार केलेले सेटिंग जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगवर, २०.८ किमीच्या नॉर्डश्लाइफमध्ये, काही कामाचे नाही.

तुलनेची शिस्त : दोन गाड्या तोलताना ट्रॅक, टायर, हवामान आणि इंधन सारखे हवे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे सगळेच सांगतात, पाळणारे थोडे. त्याहून महत्त्वाची बाब चालकाची. एखाद्या सेटिंगवर सराव वाढत जातो तशी वेळ सुधारत जाते, आणि ते श्रेय नव्या स्प्रिंगला दिले जाते. म्हणून बदल केल्यावर पुन्हा जुन्या सेटिंगवर परत जाऊन लॅप मारावेत. फरक तिथेही टिकला तरच तो गाडीचा. एका सर्वोत्तम लॅपपेक्षा सलग लॅपमधला सारखेपणा जास्त बोलका असतो; एकदाच विक्रम देणारी आणि पुढच्या लॅपला भिंतीत नेणारी गाडी लांब शर्यतीत हरते. आधीच्या लॅपची छायागाडी, म्हणजे घोस्ट, समोर ठेवून चालवले, तर वेळ नेमक्या कोणत्या वळणावर गेला हे डोळ्यांना दिसते.

परफॉर्मन्स पॉइंट : वेगवेगळ्या गाड्या एका शर्यतीत आणायच्या तर सामायिक माप हवे. त्यासाठी मालिकेत परफॉर्मन्स पॉइंट, म्हणजे पीपी, आले. सातव्या भागात पीपी काढताना गाडी गणिती चाचणीत चालवून तिची क्षमता जोखली जाते. मर्यादा ६०० पीपी असेल, तर त्या आत बसवण्यासाठी इंजिनची शक्ती घटवावी, वजनाची भर घालावी की कमी पकडीचे टायर चढवावेत, हा निर्णय खेळाडूचा. खरी कसोटी इथे लागते, कारण कोणतेही एकच माप गाडीचे सगळे गुण पकडू शकत नाही आणि मापाच्या व ट्रॅकच्या मधली फट शोधणे ही सेटिंग करणाऱ्याची कला आहे. कधी ही फट भलतीच रुंद निघाली. अडीच हजारांहून अधिक अश्वशक्तीची टॉमाहॉक एक्स ही काल्पनिक गाडी काही टोकाच्या आकड्यांनी गणिती चाचणीतच अडखळवली जाई. पीपी ६०० च्या आत दिसे आणि शर्यतीत ती बाकीच्यांना सहज मागे टाके. पॉलीफोनीला अपडेट काढून हे थांबवावे लागले. सहाव्या भागात (२०१३) सुरुवातीला कँबरचे गणितच चुकीचे वागे : चाके आत झुकवली की पकड वाढण्याऐवजी घटे, म्हणून जाणकार कँबर शून्यावर ठेवत. पुढे तेही सुधारले. गेममधले ज्ञान खऱ्या गाडीला लावण्यापूर्वी अशी उदाहरणे आठवावीत.

ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट (२०१७) मध्ये मोठ्या स्पर्धांसाठी वेगळा मार्ग निघाला. गाड्यांचे गट पाडून प्रत्येकीची शक्ती आणि वजन संस्थेनेच ठरवायचे, सेटिंग बहुधा बंद. जीटी३ गटाच्या खऱ्या शर्यतींत हीच रीत आहे. त्यामुळे चालकांची तुलना स्वच्छ होते. गॅरेजमधला माणूस मात्र स्पर्धेबाहेर राहतो, आणि हे नुकसान लहान नाही.

इतर गेम : मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर टर्न टेन स्टुडिओची फोर्झा मोटरस्पोर्ट ही मालिका २००५ मध्ये सुरू झाली. तिच्यात पीपीसारखाच परफॉर्मन्स इंडेक्स असून गाड्यांना अक्षरांच्या श्रेणी दिल्या जातात. तिसऱ्या भागापासून (२००९) आपले सेटिंग इतरांना गेममध्येच देण्याची सोय झाली. ज्याला आकड्यांत रस नाही त्यालाही जुळलेली गाडी मिळू लागली. महाराष्ट्रातल्या त्या काळच्या खेळाडूंना घरच्या संगणकावर आणि सायबर कॅफेत भेटली ती मुख्यतः नीड फॉर स्पीड मालिका. ग्रॅन टुरिस्मो संगणकावर आलेलीच नाही, त्यामुळे प्लेस्टेशन नसलेल्यांना सस्पेन्शनचे हे बारकावे लांबच राहिले.

पडद्याबाहेर : २००७ च्या निस्सान जीटी-आरच्या डॅशबोर्डवरचा माहिती-पडदा पॉलीफोनीनेच आखला, टर्बोचा दाब, वळणावरचे बल अशी गेममध्ये दिसणारी माहिती खऱ्या चालकासमोर आली. २००८ मध्ये निस्सान आणि प्लेस्टेशनने जीटी अकॅडमी सुरू केली. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येस पुढे ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. २०११ चा विजेता यान मार्डनबरा याच्यावर २०२३ मध्ये चित्रपट निघाला. यामाउची स्वतः न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरले आहेत.

गेम आणि वास्तव यांची सर्वांत थेट तुलना २००५ मध्ये बीबीसीच्या टॉप गिअर कार्यक्रमात झाली. जेरेमी क्लार्कसन यांनी कॅलिफोर्नियाच्या लागूना सेका ट्रॅकवर होंडा एनएसएक्सने गेममध्ये १ मिनिट ४१ सेकंदांची वेळ दिली होती; त्याच ट्रॅकवर त्याच गाडीत प्रत्यक्षात त्यांना १ मिनिट ५७ सेकंद लागले. या १६ सेकंदांतले बरेचसे गाडीच्या गणिताचे नव्हते. चढाच्या टोकाशी पुढचे वळण दिसत नसताना ब्रेक उशिरा मारायला जो जीव घट्ट करावा लागतो, त्याचे सेटिंग गेममध्ये नाही.