‘वेक अप सिड’: नापास झालेला श्रीमंत पोरगा, पहिला पगार आणि ‘बॉम्बे’ शब्दावरून झालेला राडा

शेवटच्या वर्षाचा निकाल लागलाय, मित्र पास झालेत आणि आपण आपटलोय. घरात कोणी काही बोलत नाही, पण जेवताना ताटावरची शांतता बोलते. नातेवाईक भेटले की एकच प्रश्न, “मग आता पुढे काय?” या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नसतं, त्यांच्यावर हिंदीत बरेच सिनेमे आले. त्यातला लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला एक म्हणजे ‘वेक अप सिड’.

सिनेमा रिलीज झाला २ ऑक्टोबर २००९ ला. दिग्दर्शक अयान मुखर्जी, वय २६, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. गोष्टही त्याचीच. निर्माता करण जोहर. सिडच्या भूमिकेत रणबीर कपूर, आयेशाच्या भूमिकेत कोंकणा सेन शर्मा, आईवडील म्हणून सुप्रिया पाठक आणि अनुपम खेर. अयान हा ज्येष्ठ अभिनेते देब मुखर्जी यांचा मुलगा आणि आपल्या आशुतोष गोवारीकरांचा मेहुणा. ‘स्वदेस’साठी त्याने गोवारीकरांच्या हाताखाली आणि ‘कभी अलविदा ना कहना’साठी करण जोहरच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं होतं.

आता गोष्ट. सिद्धार्थ मेहरा उर्फ सिड हा मुंबईतल्या एका श्रीमंत उद्योजकाचा एकुलता एक मुलगा. कॉलेज, पार्ट्या, व्हिडिओ गेम, झोप. पुढचं काही ठरवलेलं नाही आणि ठरवायची गरज आहे असंही त्याला वाटत नाही. परीक्षा संपल्याच्या पार्टीत त्याला आयेशा बॅनर्जी भेटते. ती कोलकात्याहून लेखिका व्हायला एकटी मुंबईत आलीये. वयाने सिडपेक्षा मोठी आणि डोक्याने बरीच मोठी. ती भाड्याने एक कळकट घर घेते. ते रंगवायला, लावायला सिड आणि मित्र मदत करतात.

सिडला नवी गाडी हवी असते म्हणून तो वडिलांच्या ऑफिसात जायला लागतो आणि थोड्याच दिवसांत कंटाळून सोडून देतो. मग निकाल लागतो. सिड नापास. मित्रांशी भांडण होतं, वडिलांशी त्याहून मोठं होतं आणि सिड घर सोडतो. जातो कुठे, तर आयेशाच्या घरी.

सिनेमाचा खरा ऐवज इथून पुढे आहे. घर सोडलं म्हणजे माणूस स्वतंत्र झाला, असं सिडला वाटतं. प्रत्यक्षात त्याने फक्त सेवा करणारं घर बदललेलं असतं. कपडे जमिनीवर, भांडी सिंकमध्ये, आणि आयेशा दिवसभर काम करून येते तेव्हा हा पडलेलाच. तिचा स्फोट होतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की घर आपोआप आवरलं जात नाही. मग तो अंडं करायला शिकतो, झाडायला शिकतो. सिनेमात कुठे युद्ध नाही, अपघात नाही, कोणाचा मृत्यू नाही. एका पोराने घरातला पसारा आवरायला घेणं, ही त्याच्यातली सगळ्यात मोठी घडामोड आहे. तरी आपण बघत बसतो.

सिडला एकच गोष्ट येते, फोटो काढणं. आयेशा जिथे नोकरी करते त्या मासिकात त्याला इंटर्न म्हणून संधी मिळते. तो शहर पाहायला लागतो, काम लागी लागतं आणि एक दिवस हातात पगाराचा चेक येतो. तो चेक घेऊन तो वडिलांना भेटायला जातो. आपल्याकडे पहिला पगार देवापुढे ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे या प्रसंगात नेमकं काय चाललंय हे मराठी प्रेक्षकाला कोणी समजवावं लागत नाही. रागावलेला बाप आणि शरमलेला मुलगा, दोघंही फार काही बोलत नाहीत. अनुपम खेर यांचं इथलं काम पुन्हा पाहण्यासारखं आहे.

आईचाही एक धागा आहे आणि तो जास्त बोचतो. आई मुलाशी जवळीक साधायची म्हणून मोडकंतोडकं इंग्रजी बोलते आणि सिड तिच्यावर वैतागतो. इंग्रजी शाळेत घातलेल्या पोरांच्या किती मराठी आयांनी हे सोसलं असेल, त्याची मोजदाद नाही. सिड मोठा झाला हे पगारापेक्षाही तो आईशी कसा वागायला लागतो, यातून जास्त कळतं.

शेवटी सिड घरी परततो. आयेशाला घर रिकामं वाटायला लागतं. ते ती लिहिते, मासिकात छापून येतं, सिड वाचतो आणि पावसात समुद्राकडे धावत सुटतो. प्रेमकथा म्हणून हा भाग गोड आहे. पण ती प्रेमकथा नसती, तरी सिनेमा उभा राहिला असता.

‘बॉम्बे’ की ‘मुंबई’?

महाराष्ट्रात हा सिनेमा गाजला तो आधी वेगळ्याच कारणाने. त्यातली पात्रं शहराला ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं १९९५ मध्ये. म्हणजे १४ वर्षं उलटून गेली होती. शिवाय विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. मतदान १३ ऑक्टोबरला आणि सिनेमा २ तारखेला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबई-पुण्यात खेळ बंद पाडले. करण जोहर थेट राज ठाकरेंच्या घरी गेला, माफी मागितली आणि सिनेमाच्या सुरुवातीला तशी सूचना टाकायचं मान्य केलं. त्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी नाराजी व्यक्त केली. अडचण होती तर सरकारकडे यायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्या निवडणुकीत मनसेचे १३ आमदार निवडून आले. ते काही सिडमुळे नाही, पण वातावरण कसं होतं ते यावरून कळतं.

गंमत अशी, की सिनेमातल्या त्या मासिकाचं नाव आहे ‘मुंबई बीट’. म्हणजे दोन्ही नावं एकाच सिनेमात नांदत होती.

वाद बाजूला ठेवला, तरी त्यामागे एक खरी गोष्ट उरते. सिडची मुंबई ही मुंबईचा एक तुकडा आहे. त्यात समुद्र आहे, पाऊस आहे, पार्ट्या आहेत. लोकलच्या दाराला लटकून कामावर जाणारा त्यात मुख्य माणूस नाही.

बोर्ली पंचतनहून पाहिलं तर

हे समजायला मुंबईबाहेरून पाहावं लागतं. श्रीवर्धन तालुक्यातलं बोर्ली पंचतन घ्या. दिवेआगरच्या किनाऱ्याला जाणारे पर्यटक इथूनच पुढे जातात. इथल्या पोराला मुंबई गाठायची तर एसटीने म्हसळा, माणगाव करत जायचं, नाहीतर दिघीहून जेट्टीवरून आगरदांड्याला उतरून मुरूड-अलिबागच्या वाटेने. या पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला चाकरमानी म्हणून गेली. अनेक घरांतले लोक आखाती देशांतही गेले. इथे नापास झालेल्या पोरापुढे ‘स्वतःला शोधायला’ वेळ नसतो. मामाच्या खोलीवर पथारी टाकायची आणि मिळेल ते काम धरायचं. सिडला वडिलांचं घर सोडून मोठं व्हावं लागतं. इथल्या पोराने घर सोडलेलंच असतं, तेही घरासाठी.

म्हणून या सिनेमावरचा नेहमीचा आक्षेप, “बापाकडे पैसा असला की आळशीपणासुद्धा गोड दिसतो,” हा खोटा नाही. सिडला परतायला बंगला होता. पण मला वाटतं, सिनेमा ते लपवत नाही. आयेशा मुद्दाम त्याच्या शेजारी उभी केलीये. तिला भाडं भरायचंय, नोकरी टिकवायचीय. बोर्लीचा पोरगा या सिनेमात स्वतःला शोधायला लागला, तर तो सिडमध्ये नाही, आयेशामध्ये सापडेल.

अशा सिनेमांना मराठीत काय म्हणायचं, हाही प्रश्नच आहे. ‘वयात येणं’ म्हटलं की अर्थ भलतीकडे जातो. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्दप्रयोग आहे, “पोरगा हाताशी आला.” त्यात वय नाही, बापाच्या हाताला लागलेला आधार आहे. सिडची गोष्ट या दोन शब्दांत बसते.

या जातीचे आणखी सिनेमे पाहायचे असतील, तर आधी फरहान अख्तरचा ‘लक्ष्य’ (२००४). त्यातल्या हृतिक रोशनच्या करण शेरगिललाही आयुष्यात काय करायचं ते माहीत नसतं, पण त्याला जागं करायला सैन्य आणि कारगिल लागतं. इंग्रजीत १९६७ चा ‘द ग्रॅज्युएट’ आहे, पदवी घेऊन घरी आलेल्या आणि गोंधळलेल्या मुलाचा. आणि मराठीत वरुण नार्वेकरचा ‘मुरांबा’ (२०१७). अमेय वाघ, मिथिला पालकर, आणि आईवडील म्हणून चिन्मयी सुमीत आणि सचिन खेडेकर. मुलाचं ब्रेकअप झालंय आणि आईबाप त्याच्याशी बोलून तो गुंता सोडवायला बसतात. सिडच्या घरात जो संवाद होत नाही, तो इथे घडतो.

रणबीरला त्या वर्षीच्या तीन सिनेमांसाठी मिळून, ज्यात हाही होता, फिल्मफेअरचा समीक्षकांचा सर्वोत्तम अभिनेता पुरस्कार मिळाला. अयानला पदार्पणाच्या दिग्दर्शकाचा. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, पण सगळ्यात जास्त वाजलेलं ‘इकतारा’ हे गाणं अमित त्रिवेदीचं. गीतकार जावेद अख्तर. गाणाऱ्या कविता सेठ यांनाही त्याच गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, ‘गेंदा फूल’ गाणाऱ्या रेखा भारद्वाज यांच्यासोबत विभागून.